वाळलं काय बघते

आमच्या घरात मराठी सगळ्यांना बोलता येतं, पण धड वाचता येतं ते फक्त मला. सासरचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेच्या घोड्यांबरोबर इकडे कन्नड मुलखात आले आणि राहून गेले असं सांगतात. बोली त्यांनी जपली, शाळा मात्र कन्नड. सासूबाईंची देवाची पोथी कन्नड, किराण्याची चिठ्ठी कन्नड, मोबाईलवरचे सुप्रभातसुद्धा कन्नड. माझा नवरा अभिमन्यू शाळेतल्या हिंदीच्या जोरावर देवनागरी लावतो, पण एका परिच्छेदाला त्याला एक आख्खी कॉफी लागते.

मी सांगलीची. इथे आल्यावर हे कळायला मला काही महिने लागले, आणि कळल्यावर हसू आलं. पुढे त्याची मला सोयच झाली. डॉक्टरांनी मला ‘लिहून बघा’ म्हटलं तेव्हा मी बिनधास्त मराठीत लिहायला लागले. फोन जेवणाच्या टेबलावर उघडा पडलेला असायचा, सासूबाई त्याच्यावरून फडकं फिरवायच्या, आणि मला काही वाटायचं नाही.

डॉक्टर म्हणजे मनाच्या डॉक्टर. जयनगरला बसतात. घरी आम्ही ‘थायरॉईड’ असं सांगितलं होतं. ती अभिमन्यूची कल्पना. “अक्काला गोळी दिसणार, ती विचारणार. थायरॉईड बरं. आमच्यात सगळ्या बायकांना आहे.” सासूबाईंना घरात सगळेच अक्का म्हणतात. मुलगा म्हणतो, सून म्हणते, लिफ्टमध्ये भेटणारी कुणाची तरी मोलकरीणही म्हणते.

मला काय होतं ते सांगते. आम्ही मारतहळ्ळीला सातव्या मजल्यावर राहतो. भूमी, माझी मुलगी, आता रांगायला लागलीय. तिला कडेवर घेऊन मी बाल्कनीत गेले की डोक्यात एक चित्र येतं: हात सुटले तर? मी बोलावत नाही, तरी येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी आत येऊन सरकतं दार लावून घेतलं आणि भूमीला जमिनीवर ठेवून लांब भिंतीला टेकून बसले. कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? शेवटी अभिमन्यूला सांगितलं, आणि त्याने काहीही न विचारता डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर म्हणाल्या, अशी चित्रं पुष्कळ नव्या आयांना दिसतात, त्या बोलत नाहीत एवढंच. चित्र दिसणं वेगळं आणि तसं करावंसं वाटणं वेगळं. तुम्हाला त्याची एवढी धास्ती वाटते, यावरूनच ते कळतं. एक गोळी दिली, बोलायला बोलावत राहिल्या, आणि म्हणाल्या, “भीतीला हाकलत बसू नका. कुठून येते, कशी दिसते, ते जरा बघा तरी.”

बघायचं मला जमतं. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला मी कोळ्यांवर काम केलं होतं. जाळ्यासमोर न हलता बसून राहायची सवय आहे. म्हटलं, हाही एक कोळीच समजू. आणि बघायला लागले तर गंमतच निघाली. भीती डोक्यातून येत नाही, आधी तळपाय गार पडतात. सकाळी ती जास्त असते, पाऊस असला की जवळजवळ नसते. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे त्या चित्रात भूमी कधी पडतच नाही. भूमी दिसतच नाही. दिसतात ते फक्त माझे दोन रिकामे हात. असं का, ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण हे लक्षात आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरण्याऐवजी पुढे काय दिसतंय याची वाट बघितली.

बघता बघता आणखी एक गोष्ट दिसली. अक्का.

मी भूमीला घेऊन बाल्कनीत गेले की मिनिटभरात त्या मागून यायच्या. काही बोलायच्या नाहीत. दोरीवरचे कपडे चाचपायच्या. मी बघितलं की म्हणायच्या, “वाळलं काय बघते.” आताच पिळून टाकलेलं, टपटप गळणारं दुपटं असलं तरी तेच. वाळलं काय बघते. एकदा तर दोरीवर काहीच नव्हतं, तर त्यांनी दोरीच चाचपली.

मी अर्थ लावला तो साधा होता: यांना कळलंय. त्या पहारा देतात.

हे सगळं मी लिहिलं. लिहिताना हलकं वाटायचं, पण त्याहून जास्त म्हणजे उत्सुकता वाटायची, की हे आणखी कुणाला दिसतं का? इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर बाळांचे फ्रॉक येतात, नाचणीच्या खिरीच्या कृती येतात. असलं कुणी विचारत नाही. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लेख मागवले तेव्हा मी हा पाठवून दिला. नाव खोटं घातलं.

दोन दिवसांनी संपदाताईंचा फोन. अंक त्याच काढतात. त्याही इथल्या जुन्या घराण्यातल्या, पण हट्टाने देवनागरी शिकलेल्या.

“स्मृती, लेख छापणार. एक शब्द बदलत नाही. आता सांग, सासूबाईंना वाचून दाखवलास का?”

“त्यांना?” मी म्हटलं. “त्यांना मराठी वाचता येत नाही.”

“म्हणून तर वाचून दाखव म्हणते. येत असतं तर त्यांनीच वाचला असता.”

“ताई, नाव खोटं घातलंय की मी.”

“सातवा मजला, मारतहळ्ळी, सांगलीची सून, नऊ-दहा महिन्यांची मुलगी. नाव तेवढं खोटं!” त्या हसल्या. “आपला नियम आहे गं. अंकात ज्याच्यावर लिहिलंय त्याला वाचता येत नसेल, तर छापायच्या आधी लिहिणाऱ्यानं स्वतः वाचून दाखवायचं. एकानं सासऱ्यांच्या चिक्कूपणावर छान विनोदी लेख लिहिला होता. सासऱ्यांना देवनागरीचा गंध नाही, म्हणून हा निवांत. आणि एका लग्नात कुणी तरी अंक काढून मोठ्यानं वाचायला लागलं, भर पंगतीत. सासरे समोरच्याच पानावर! पुरणाची होळगी तोंडात तशीच राहिली त्यांची.”

“मग काय झालं?”

“काय व्हायचं? जावयाला अजून त्या घरी होळगी वाढत नाहीत. तेव्हापासून नियम.”

मी त्या दिवशी बरेच मार्ग शोधले. सासूच्या जागी शेजारीण करावी. बाल्कनीचा परिच्छेदच काढावा. पण तो काढला तर लेखात उरतात तळपाय आणि कोळी. आणि वाचून दाखवला तर? माझे शब्द कुठे अडणार ते मला ठाऊक होतं. ‘हात सुटले तर’. हे ऐकल्यावर कुठली आजी आपली नात पुन्हा माझ्या कडेवर राहू देईल? आज त्या मागून येतात. उद्या भूमीला माझ्या हातातून घेतील, प्रेमाने घेतील, ‘दमलीस तू, आण इकडे’ म्हणून घेतील, आणि परत देणार नाहीत. अभिमन्यू ऑफिसला जाताना त्या त्याला दारातून म्हणायला लागतील, “मी आहे ना घरी.” त्यातला अर्थ तिघांनाही कळेल.

“नको छापूस मग,” अभिमन्यू म्हणाला. बूट घालत होता.

“छापायचंय मला.”

“मग वाच.”

“तू सांग ना त्यांना आधी.”

“मी? मला अजून थायरॉईडचं कसं निस्तरायचं ते कळत नाहीय.” आणि गेला.

थंडीचे दिवस होते, अवरेकाळूचा, म्हणजे ओल्या पावट्याचा हंगाम. आमच्याकडे त्या दिवसांत रोज काही ना काही अवऱ्याचं असतं. दाणे भिजत घालायचे आणि एकेक चिमटीत धरून साल काढायची. दाणा टुणकन उडून भांड्यात पडतो. अक्का दुपारी हॉलमध्ये परात घेऊन बसल्या होत्या. भूमी सतरंजीवर एका वाटीशी भांडत होती. मी फोन घेऊन समोर बसले.

“अक्का, मी एक लिहिलंय. मंडळाच्या अंकात येणार आहे. तुम्हाला वाचून दाखवते.”

“कशावर?”

“असंच. बाळ झाल्यानंतरचं.”

“वाच की. हात रिकामे नाहीत, कान आहेत.”

मी वाचायला लागले. बाळंतपण, जाग्रणं, सांगलीची आठवण. त्या मध्ये मध्ये हुंकार देत होत्या. कोळ्यांपाशी हसल्या. “अय्यो, कोळ्यावर कॉलेज शिकवतात?” मग मी डॉक्टरांचा भाग वाचला. थायरॉईड नाही, मनाचे डॉक्टर, असं स्पष्ट लिहिलं होतं, ते तसंच वाचलं. अक्कांची चिमूट थांबली.

“म्हणजे तो थायरॉईड हेच काय?”

“हो.”

“आणि मी मेडिकलवाल्याला विचारून आले, थायरॉईडनं चक्कर येते काय म्हणून.” पुन्हा एक दाणा उडाला. “सरी, असू दे. पुढं वाच.”

चक्कर कुठून आली ते मला कळलं नाही, पण विचारायचं धैर्य नव्हतं. पुढे बाल्कनी होती. माझा आवाज होता तसाच चालू राहिला आणि मी अंगठ्याने तो परिच्छेद वर सरकवून सरळ शेवटच्या भागावर आले. मला वाटलं, छान जमलं.

“थांब,” अक्का म्हणाल्या. “अंगठा चालला, तोंड थांबलं होतं.”

“नाही, ते...”

“मधलं सोडलंस. माझ्यावर आहे काय?”

मी मान डोलावली.

“मग ते वाच. बाकीचं नसलं तरी चालतं.”

मी वाचलं. फोन दोन्ही हातांत धरून, वर न बघता. सातवा मजला. हात सुटले तर. रिकामे हात. मग पांढऱ्या केसांची सासू, मांजरीसारखी पाय न वाजवता मागून येणारी, कपडे चाचपण्याचं नाटक करणारी. ‘त्यांना कळलंय. त्या माझ्यावर पहारा देतात.’ वाचून झालं.

अक्का उठल्या. सिंकपाशी जाऊन हात धुतले, पदराला पुसले, आणि परत येऊन त्यांनी भूमीला उचललं. वाटीसकट. आणि माझ्याकडे न बघता चालू पडल्या.

झालं, मला वाटलं. मी नुसती बसून राहिले. मला राग आला नाही, हे नमूद करायला हवं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

“ये की,” आवाज आला. “काय बसलीस?”

त्या बाल्कनीच्या दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत. यशवंतपूरच्या जुन्या घरात त्यांचा जन्म गेला, जमिनीवरचं घर. सातव्या मजल्यावर आल्यापासून त्या बाल्कनीत भिंतीला धरून चालतात, हे मला माहीत होतं. त्या दाराची चौकट धरून बाहेर आल्या, दोरीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “धर हिला.”

“अक्का, नको.”

“धर. मला बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“ते येतं म्हणालीस ते. मी इतके दिवस मागनं येते, मला काही दिसत नाही. आज सांगून दाखव.”

त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. नवीन मिक्सर घरी आला की कसं झाकण काढून काढून बघतात, तसा चेहरा होता. मी भूमीला घेतलं. खाली रिंग रोडचा आवाज होता. समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन आलं होतं.

“आलं काय?”

“येतंय.”

“कुठनं?”

“तळपाय गार पडलेत.”

त्यांनी खरंच खाली वाकून माझ्या पायांकडे बघितलं. “मलापण तिथनंच येतं. इथं उभी राहिली की. मला वाटायचं तुलापण तेच, उंचीचं. भोवळ येत असणार, थायरॉईड आहे म्हणून. म्हणून यायची मी. पडलीस तर निदान कुणी तरी असावं.” मग म्हणाल्या, “आता हात बघ तुझे.”

मी बघितले. एक हात भूमीच्या पाठीवरून तिच्या दंडाला, दुसरा तिच्या मांडीखाली. बोटांची पेरं पांढरी पडली होती. फ्रॉकचा चोळामोळा झाला होता. भूमी ओठ काढून रडायच्या बेतात होती.

“रोज असंच धरतीस,” अक्का म्हणाल्या. “बारशापासून बघते. इथं आली की पोर रडते ना, ती काय उंचीला भिऊन नाही रडत. तू आवळतीस म्हणून रडते. स्वल्प सैल कर.”

मी एवढी बघणारी बाई. तळपाय बघितले, पाऊस बघितला, दुसऱ्याची पावलं बघितली, चित्रातले हात पुन्हा पुन्हा बघितले. त्या वेळी खरे हात काय करत असतात, ते एकदाही बघितलं नव्हतं.

मी बोटं सैल केली. चित्र आलं. रिकामे हात. आणि त्याच वेळी खरे हात भरलेले दिसत होते, आणि त्यांतली मुलगी माझ्या कानातल्या डुलाला वाटीने मारत होती. चित्र लगेच गेलं नाही. जातं असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही एकदम दिसायची ती पहिलीच वेळ.

“तुम्हाला भीती नाही वाटली? ते वाचल्यावर?” मी विचारलं.

“वाटली की. म्हणून तर बघायला आणलं.” त्या चौकट धरून आत सरकल्या. “बघितलं. आता मला सांग, मी मागनं येते ते तुला बरं वाटतं काय नको वाटतं?”

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. कधी कधी त्यांच्या बांगड्यांचा आवाज दारात आला की तळपाय लवकर कोमट व्हायचे, हे आठवलं. कधी कधी उलट.

“दोन्ही,” मी म्हटलं.

“मग मी विचारून येते. आता आत चल, दाणे वाळतील.”

परातीपाशी बसल्यावर त्यांनी संपादकीय सूचना द्यायला सुरुवात केली. मांजर काढ. “मी काय मांजर? वाजत यायचं असेल तर सांग, पैंजण घालते.” पहारा काढू नको म्हणाल्या, तुला तसं वाटलं तर वाटलं, पण पुढं हातांचंपण घाल. “आणि पांढरे केस कुठनं आले? महिन्याला मेंदी लावते मी. हे छापलंस तर मी मंडळात तोंड दाखवणार नाही.”

“ते ‘हात सुटले तर’ राहू दे?”

“ते तुझं आहे. माझे केस माझे.”

मी तिथेच बसून दुरुस्त केलं. पांढरे केस गेले, मांजर गेली, पेरं आली. खोटं नाव मी थोडा वेळ तसंच ठेवलं, त्याकडे बघत बसले. मग वाटलं, सासूला उघड उभं करायचं आणि आपण पडद्यामागे राहायचं, हे बरं दिसत नाही. खोडलं आणि स्वतःचं घातलं. पाठवताना तळपाय गार पडले. हे नवीन होतं. म्हणजे भीतीला बाल्कनीच लागते असं नाही. ही नोंद पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगायची आहे.

संध्याकाळी अक्का त्यांच्या बहिणीशी, जमनाबाईंशी, फोनवर बोलत होत्या. कन्नड आणि मराठीची सरमिसळ नेहमीचीच, पण आवाज मुद्दाम मला ऐकू येईल असा. “हो गं, आमच्या स्मृतीचा थायरॉईड. पुस्तकात छापून येणारे! नाही, तसला थायरॉईड नव्हे. तू ये, मी सांगते. मी पण आहे त्यात.” पलीकडून काही तरी लांबलचक आलं. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, “तुलापण? कधी? आणि सांगितलं नाहीस!” आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. जमनाबाईंना काय दिसायचं ते मला अजून कळलेलं नाही. विचारायला मी टपून बसलेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमीची दुपटी मी वाळत घातली होती. ऊन चांगलं होतं. तिला कडेवर घेतलं, सरकतं दार उघडलं आणि बाहेर गेले. मागे बांगड्या वाजल्या नाहीत. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता, आणि फोडणीवरून हाक आली:

“वाळलं काय?”

मी आधी माझ्या बोटांकडे बघितलं. पेरं जरा पांढरी होती. भूमी रडत नव्हती. एक हात सोडवून मी दुपट्याचं टोक चिमटीत धरलं.

“स्वल्प ओलं आहे,” मी आत ओरडले.

गॅस बारीक केल्याचा आवाज आला. “मग येऊ काय?”

मी उत्तराचा विचार करत उभी राहिले.